बुटाचे कूळ हिरड्याच्या झाडाखाली

बूट घेताना माणसे शिलाई निरखतात, चामडे वाकवून पाहतात, टाच ठोकून बघतात आणि अखेर नाव व किंमत पाहून निर्णय घेतात. यात एक गोष्ट सुटते. बुटाचे आयुष्य चांभाराच्या रापीखाली किंवा कारखान्याच्या यंत्रावर येण्याआधीच बरेचसे ठरून गेलेले असते. कातडे कमावले जाते तिथे ते ठरते. आणि कमावण्याचे कूळ शोधत गेले की माणूस कारखान्यात न पोचता जंगलात पोचतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्याचे नाव आज वर्तमानपत्रांत येते ते सुरजागडच्या खाणीतल्या लोखंडामुळे. गडचिरोलीच्या याच रानांत ऐन, बेहडा, करंज आणि हिरडाही आहे. त्यांची बातमी होत नाही. टिकाऊ पादत्राणाच्या कुळकथेत मात्र मानाचे पान हिरड्यालाच द्यावे लागेल.

कातडे म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची दाट जाळी. ओले राहिले की कुजते, वाळले की पत्र्यासारखे ताठ होते. झाडांच्या सालींत आणि फळांत असलेली तुरट द्रव्ये, म्हणजे टॅनिन, या तंतूंना धरून बसली की जंतूंना ते पचवता येत नाहीत. हिरडा चावल्यावर तोंड आखडते तेही याच कारणाने. लाळेतल्या प्रथिनांवर तोच प्रयोग घडतो. महाराष्ट्रात हे काम पिढ्यानपिढ्या ढोर समाजाने केले. चुन्याच्या कुंडात भिजवून केस काढायचे, आतले मांस खरवडायचे, चुना धुऊन काढायचा आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवायचे. जाड कातड्याची तर पिशवीच शिवत. ती टांगून आत काढा ओतायचा आणि तो कातड्यातूनच हळूहळू झिरपू द्यायचा. कोल्हापुरी चपलेचा तळ ज्या चामड्याचा, ते असे तयार होई. बाभूळ आणि हिरडा ही जोडी काही योगायोगाने जमलेली नाही. बाभळीची साल घट्टपणा देते, पण चामडे लालसर आणि राठ करते. हिरड्याच्या वाळलेल्या फळात वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके टॅनिन असते, त्याचा रंग फिका पिवळा असतो, आणि त्यातली साखर आंबून जे सौम्य आम्ल बनते त्याने कातडे फुगते, काढा आतवर शिरतो. मुरवण लांबली की हिरड्यातले एलॅजिक आम्ल बारीक पुडीच्या रूपाने तंतूंच्या फटींत बसते आणि तळाचे चामडे भरीव होते. रसायनशास्त्रातले एकही नाव ठाऊक नसताना हे प्रमाण ज्यांनी बसवले, त्यांना आपण कारागीरही म्हटले नाही. त्याकडे पुढे येतो.

इंग्लंडमधल्या टॅनऱ्या मूळच्या ओकच्या सालीवर चालत. त्या पद्धतीत जाड कातड्याला वर्षभर लागे. डेव्हनमधल्या कॉलिटन गावी एक जुनी टॅनरी अजून तसेच काम करते. एकोणिसाव्या शतकात सैन्ये आणि शहरे वाढली, साल पुरेना. मग टॅनिनसाठी तुर्कस्तानातून व्हॅलोनिया, दक्षिण अमेरिकेतून क्वेब्राको आणि हिंदुस्थानातून हिरडा जहाजांनी जाऊ लागला. तिकडच्या चर्मशास्त्राच्या पुस्तकांत हिरड्याच्या प्रतींची नावे सापडतात : भिमलीज, जबलपोर्स, व्हिंगोर्लाज. पहिले आंध्र किनाऱ्यावरच्या भीमुनिपट्टणमचे, दुसरे जबलपूरचे, तिसरे आपल्या वेंगुर्ल्याचे. नावे सगळी बंदरांची नाहीतर बाजारपेठांची. तेव्हाचा चांदा जिल्हा, ज्यातून 1982 साली गडचिरोली वेगळा झाला, मध्य प्रांतात होता आणि त्या प्रांताच्या वनोपजांत हिरडा असे. पण मालाला रानाचे नाव कधी मिळाले नाही. इकडे कानपूरला 1857 नंतर लष्कराच्या खोगीर-सामानाचा कारखाना निघाला, 1880 च्या दशकात कूपर अॅलन कंपनी सैन्याचे बूट बनवू लागली, आणि मुंबईत सर आदमजी पीरभॉय यांनी लष्करी बुटांचा मोठा कारखाना चालवला. साम्राज्याच्या पायदळाखाली रानातला तुरटपणा होता, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरू नये.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे : ही सगळी जुनी गोष्ट झाली. 1884 साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्झ याने क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले, 1893 मध्ये मार्टिन डेनिसने ती पद्धत सोपी केली, आणि 1903 पासून मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी तिचे प्रयोग सुरू केले. महिन्यांचे काम दिवसावर आले. आज जगातले बहुतेक चामडे क्रोमचेच आहे, आणि ते केवळ स्वस्ताईमुळे नव्हे. झाडाच्या सालीवर कमावलेले ओले चामडे 75 ते 85 अंश सेल्सियसच्या आसपास आकसते; उत्तम क्रोमचे उकळत्या पाण्यातही टिकते. ते मऊ असते, पाण्याला सहसा दाद देत नाही, हवा तो रंग घेते. बुटाच्या वरच्या भागासाठी क्रोमच सरस, हे मान्य करायला हवे. पण बूट म्हणजे नुसता वरचा भाग नव्हे. पायाच्या लगेच खाली जो आतला तळ असतो त्याला घाम पिऊन पुन्हा वाळावे लागते, पायाचा ठसा घेऊन तो धरून ठेवावा लागतो. वरचा भाग आणि तळ सांधणाऱ्या पट्टीला, कारागीर जिला वेल्ट म्हणतात तिला, टाका घट्ट पकडून ठेवावा लागतो. क्रोमचे चामडे इथे स्पंजासारखे दबते. सालीचे चामडे ताठ असते आणि तरीही पायाप्रमाणे घडत जाते. म्हणून चांगला बूट बहुधा मिश्र कुळाचा निघतो. स्वस्त बुटात मात्र आतल्या तळाच्या जागी पुठ्ठा असतो, वेल्टची जागा डिंक घेतो, आणि वरून लावलेली चकाकी दोन्ही झाकते.

सुरजागडचे लोखंड आणि हिरडा एकमेकांना भेटले की काय होते, हेही बुटाच्या गिऱ्हाइकाला ठाऊक असावे. लोह आणि टॅनिन मिळून काळाकुट्ट रंग होतो. हिरड्याची शाई त्यावरच बनत असे आणि चामडे काळे करायलाही तीच युक्ती वापरली गेली. पण हाच संयोग ओल्या तळात खिळ्याभोवती घडला तर खिळा गंजतो, भोवतालचे चामडे काळे पडते आणि ठिसूळ होऊन सुटते. कोल्हापुरी चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने ती शिवतात. जुने युरोपीय कारागीर तळाला लाकडी किंवा पितळी खुंट्या मारीत. परंपरेचे कौतुक बाजूला ठेवले तरी यामागचे शहाणपण उरतेच. तेव्हा बूट उलटा करून पाहावा. टाका तळातून आरपार गेलेला दिसतो का, कडेला चामड्याचे थर दिसतात की रंगवलेला पुठ्ठा, आणि झिजलेला तळ काढून नवा बसवता येईल अशी बांधणी आहे का, एवढे कळले तरी पुष्कळ कळले. तळ बदलता येत नसेल, तर वरचे चामडे कितीही उंची असले तरी त्याचे आयुष्य तळाइतकेच.

दुसरा आक्षेप एटापल्लीच्या बाजूने येऊ शकतो. पावसाळ्यात नाले भरतात, रस्ते चिखलात जातात. तिथे चामडे कशाला? खरे आहे. सततच्या ओलीत सालीच्या चामड्यातून टॅनिन धुपते, बुरशी चढते, टाका कुजतो. जंगलातल्या लढाईसाठी दुसऱ्या महायुद्धात कॅनव्हास आणि रबराचे बूट आले ते याचमुळे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत रबरच बरे. उरलेल्या आठ महिन्यांसाठी चामड्याचा बूट राखायचा असेल तर तो चुलीजवळ वाळवू नये, उन्हातही टाकू नये. आत कागद कोंबून सावलीत ठेवावा, आणि एक दिवस घातला की दुसऱ्या दिवशी विसावा द्यावा. पॉलिशने चमक येते, पण कोरड्या पडलेल्या तंतूंना तेलच लागते. दक्षिणेतले टॅनर कमावलेल्या चामड्याला करंजाचे तेल देत आले आहेत. हलक्या हाताने, थोडेच. जास्त झाले की चामडे ढिले पडते आणि धूळ धरते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. ज्या कुंडांचे हे गुणगान, ती गावाबाहेर होती. त्यांत हात घालणाऱ्याला शिवत नसत. चामड्याचे कूळ सांगायचे तर ते जातीच्या हिशेबासकट सांगावे लागते, आणि तो भाग गाळून लिहिलेली परंपरेची स्तुती अप्रामाणिक ठरते. विदर्भात यावर एक प्रयत्न झाला. वर्ध्याजवळ नालवाडीला 1930 च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले, नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर. कामाला शास्त्र आणि मान दोन्ही द्यावे, हा हेतू होता. याच विचाराचे गांधीजी स्वतः दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकले होते, आपल्या हातचा एक जोड त्यांनी तिथल्या जनरल स्मट्सना दिला होता. पण मान द्यायचा म्हणून जात सुटत नाही. मोबदला बदलला तर थोडी हलते. 2019 मध्ये भौगोलिक मानांकनामुळे कोल्हापुरी चपलेला नाव मिळाले, आणि त्यातही चर्चा शिवणाऱ्याची झाली, कमावणाऱ्याची फारशी नाही.

साखळीच्या आणखी मागच्या टोकाला फळ वेचणारे हात आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क जंगलात राहणाऱ्यांचा मानला. 2013-14 मध्ये केंद्राने या मालासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, तिच्या पहिल्याच यादीत हिरडा होता आणि करंजाचे बीही. गडचिरोलीतल्या ग्रामसभांची मोठी उलाढाल मात्र तेंदूपाने आणि बांबूची आहे. हिरडा लोकांना आता त्रिफळ्यामुळे माहीत आहे, चामड्यामुळे नाही. दुकानात चामडे कशावर कमावले हे विचारणारी गिऱ्हाइके वाढली, तर या फळाला औषधवाल्यांखेरीज दुसरा खरेदीदार मिळेल, आणि दोन खरेदीदार असले की वेचणाऱ्याला भावात घासाघीस करता येते.