दणकट संगणक आणि पुण्याचा 'पिनाका'

१/ मे महिन्यातील दुपारी सोलापूरच्या सात रस्ता चौकात दुचाकीच्या हँडलला लावलेला मोबाइल थोड्याच वेळात तापतो, पडदा मंदावतो, कधी यंत्र स्वतःच काम थांबवते. नागरिकाची यात फार तर वाट चुकते. तोफखान्याच्या वाहनातील संगणकाला मात्र ही मुभा नसते. ती का नसते आणि त्यासाठी काय करावे लागते, याचा हा इतिहास.

२/ संगणक आणि तोफखाना यांचे नाते जुने आहे. पल्ला, वारा, दारूचे तापमान यांची गणिते पूर्वी छापील कोष्टकांवरून होत. ही कोष्टके लवकर तयार व्हावीत म्हणून अमेरिकी सैन्याने 'एनिॲक' बांधवून घेतला. १९४५ मध्ये पूर्ण झालेल्या या यंत्राचे वजन सुमारे ३० टन होते आणि त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. तो रणांगणावर नेणे अशक्यच होते.

३/ ट्रान्झिस्टर आणि पुढे एकात्मिक परिपथ आल्यावर संगणक वाहनात मावू लागला. पण खोलीतील स्वच्छ हवा आणि स्थिर वीज मागेच राहिली. वाट्याला आले धक्के, धूळ, पाऊस आणि दमट हवा. अशी उपकरणे कशी तपासावीत, हे ठरवणारे अमेरिकेचे 'मिल-स्टँडर्ड-८१०' १९६२ मध्ये निघाले. भारतीय सैन्यदलांसाठी 'जेएसएस ५५५५५' हे मानक आहे.

४/ रचनाकारापुढील पहिला पेच असा: धूळ आणि पाणी अडवायचे तर पेटी हवाबंद हवी, पेटी हवाबंद केली की आतील उष्णता कोंडते. बाहेरची हवा आत खेचणारा पंखा चालत नाही. म्हणून उष्णता धातूच्या कवचातून बाहेरच्या पन्हळींपर्यंत नेली जाते. कवच हेच थंड करण्याचे साधन ठरते.

५/ पर्वतांत पेच वाढतो. विरळ हवा उष्णता कमी वाहून नेते, थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि द्रव-स्फटिकाचा पडदा सुस्तावतो. राजस्थानचे वाळवंट आणि हिमालय या दोन्ही ठिकाणी एकच यंत्र चालवायचे असते.

६/ महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे 'पिनाका' अग्निबाण प्रणाली. पुण्यात पाषाण येथे असलेल्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेने (एआरडीई) १९८० च्या दशकात तिचे काम हाती घेतले. एका प्रक्षेपक वाहनावर १२ अग्निबाण असतात आणि एका बॅटरीत ६ वाहने.

७/ बॅटरीचे ७२ अग्निबाण ४४ सेकंदांत सुटतात. म्हणजे प्रत्येक वाहनावरून चार सेकंदांच्या आत एक. दर वेळी वाहन हादरते, ज्वाला आणि धूर उसळतो. अशा हादऱ्यांत वाहनावरील सूक्ष्मप्रक्रियकाला अग्निनियंत्रण संगणकाच्या आज्ञा बिनचूक पाळायच्या असतात.

८/ या रचनेतील खरा धडा तिच्या चार कार्यपद्धतींत आहे. पहिलीत सर्व सूत्रे अग्निनियंत्रण संगणकाकडे असतात. त्याच्याशी संपर्क नसेल, तर चालक वाहनातूनच आज्ञा देतो. तिसरीत सुमारे २०० मीटर दूरून नियंत्रण होते. चौथी पद्धत पूर्णपणे हाताने चालवण्याची: सूक्ष्मप्रक्रियक बंद पडला किंवा वीजच गेली, तर त्या प्रसंगासाठी.

९/ म्हणजे ज्यांनी संगणक बसवला, त्यांनी तो बंद पडेल हेही गृहीत धरले होते. १९९९ च्या कारगिल युद्धात पिनाका वापरला गेला. अशा ठिकाणी सुटा भाग बदलायला कारखाना जवळ नसतो. जे आहे त्यावरच काम निभवावे लागते.

१०/ आज दुकानांत फोनवर 'मिलिटरी ग्रेड' असे छापलेले दिसते. मिल-स्टँडर्ड-८१० ही चाचणीपद्धतींची संहिता आहे. कोणत्या चाचण्या घ्यायच्या, हे उत्पादक निवडू शकतो, आणि अमेरिकी सैन्य बाजारातील फोनला प्रमाणपत्र देत नाही. त्यामुळे विचारायचे ते एवढेच: कोणती चाचणी, किती उंचीवरून, किती तापमानात?

११/ आणि याहून महत्त्वाचा प्रश्न पिनाकाच्या चौथ्या पद्धतीतून उरतो. रुग्णालय, रेल्वे किंवा बँक संगणकावर सोपवताना तो बंद पडल्यावर काम कसे चालेल, हे आधीच ठरलेले आहे का? तोफखान्याला हा प्रश्न टाळता आला नाही.