फोर (गोल्फमधील इशारा)

भरकटलेला चेंडू कोणाला लागण्याची शक्यता दिसताच गोल्फपटूने मोठ्याने द्यायची हाक. चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असले, तरी त्याच्या वेगामुळे डोळा वा डोके जायबंदी होते. पुढचा गट टप्प्याबाहेर जाईपर्यंत फटका मारू नये, हा मूळ शिष्टाचार. हाक हा नंतरचा उपाय. ती तत्काळ द्यावी. संकोचाने पुटपुटलेली हाक निरुपयोगीच. ऐकणाऱ्याने वर न पाहता हातांनी डोके झाकून खाली वाकावे. चेंडू शोधायला मान वर करणे सर्वांत घातक. उंचवट्यामुळे पुढचे दिसत नाही अशा ठिकाणी काही मैदानांवर घंटा असते.

नियमांच्या पहिल्याच प्रकरणात इतरांच्या सुरक्षिततेचा उल्लेख आहे, पण हाक न दिल्यास आपोआप दंडाचा फटका मिळत नाही. २०१८ मध्ये पॅरिसजवळच्या रायडर चषकात चेंडू लागून एका प्रेक्षक महिलेच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुरेसा इशारा दिला होता का, यावर वाद झाला. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१० मध्ये सहखेळाडूच्या चेंडूने डोळा गमावलेल्याचा दावा फेटाळला : वेड्यावाकड्या फटक्यांचा धोका खेळातच अंगभूत असून तो खेळाडूने पत्करलेला असतो.