जेऊरच्या माळावरील दोन मिनिटे

नगर तालुक्यात एक जेऊर आहे. परंतु आम्हांस अभिप्रेत असलेले जेऊर निराळे. नगर जिल्ह्याची दक्षिण हद्द ओलांडली की सोलापूरचा करमाळा तालुका लागतो. त्यातील रेल्वेस्थानकाचे हे गाव. 22 जानेवारी 1898 रोजी दुपारी येथे खग्रास सूर्यग्रहण झाले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांनी त्याची छायाचित्रे घेण्यासाठी येथे तळ दिले होते. मुंबई इलाख्यात तेव्हा प्लेगचे थैमान चालू होते, हेही ध्यानात घ्यावे.

खग्रास अवस्था अवघी दोन मिनिटांची. तेवढ्यात काचेवर प्रकाश किती वेळ पडू द्यावा, हा खरा पेच होता. चंद्राच्या काळ्या बिंबाभोवती झळकणाऱ्या प्रभामंडळाचा आतला भाग बाहेरच्या किरणांहून शेकडो पटींनी तेजस्वी असतो. वेळ कमी दिला तर बाहेरचे किरण उमटत नाहीत; जास्त दिला तर आतले सारे बारकावे एका डागात बुडतात. म्हणजे योग्य असे एकच एक्स्पोजर नव्हतेच! म्हणून कुठल्या काचेला क्षणभर, कुठल्या काचेला कित्येक सेकंद प्रकाश द्यायचा, हे आधीच ठरवावे लागे. आज चित्र तत्क्षणी पाहून चूक सुधारता येते. तेव्हा काच धुतल्यावाचून काहीच कळत नसे, आणि तोवर सूर्य मोकळा झालेला असे.

कॅम्पबेल यांचा कॅमेरा 40 फूट लांबीचा. त्यात सूर्यबिंब सुमारे साडेचार इंच व्यासाचे पडे. पण दोन मिनिटांत सूर्य आकाशात स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. दीर्घ एक्स्पोजर पुसट झालेच असते. त्यासाठी भिंग स्थिर ठेवून काचच घड्याळी यंत्राने सरकवीत.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. 18 जुलै 1860 च्या ग्रहणात येशूसंघीय फादर अँजेलो सेक्की व वॉरन डे ला रू यांनी स्पेनमधील दोन दूरच्या ठिकाणांहून छायाचित्रे घेतली. दोहोंत त्याच ज्वाला दिसल्या, आणि त्या चंद्राच्या नसून सूर्याच्याच आहेत, हा वाद मिटला. डोळ्यांनी पाहून तो मिटला नव्हता.

नायगमवालांनी जेऊरचा अहवाल 1902 साली प्रसिद्ध केला. त्यांची पुण्याची वेधशाळा 1912 मध्ये बंद झाली, आणि तिची उपकरणे कोडईकनालला गेली.