मल्लखांब

मल्लखांब (पु.) : मल्लांच्या सरावासाठी उभा केलेला गुळगुळीत लाकडी खांब, तसेच त्यावर करायचा व्यायाम. साधन आणि विद्या दोहोंना मराठीत एकच शब्द आहे. रूपभेद : मलखांब, हिंदीत मलखंभ, मलखम.

व्युत्पत्ती : मल्ल + खांब. मल्ल हा शब्द संस्कृतात जुना आहे. पावा आणि कुशिनारा येथील मल्लगणाच्या नावाशी त्याचा संबंध कसा, याबद्दल एकमत नाही. खांब प्राकृतातल्या ‘खंभ’वरून आला. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणानुसार ‘स्तंभ’ची खंभ आणि थंभ अशी दोन्ही रूपे होतात. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ मात्र ‘खंभ’चे मूळ वैदिक ‘स्कंभ’ या शब्दात पाहतात. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात विश्वाला आधार देणारा स्कंभ वर्णिला आहे. हा दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो, कारण त्यात ‘ख’चा उलगडा सरळ होतो. ‘स्तंभ’ची परंपरा मराठीत ‘थांबणे’ या क्रियापदात जिवंत आहे. हिंदीने खंभा, खंभ यांत महाप्राण राखला. मराठीत भ चा ब झाला.

समासाचा विग्रह ‘मल्लांचा खांब’ असा करतात. खांबाच्या भागांना वरून खाली बोंड, मान, अंग म्हणतात. यांपैकी मान आणि अंग ही शरीराचीच नावे असल्याने, खांब हाच प्रतिस्पर्धी मल्ल, असाही अर्थ लावता येतो. खांब शिसवाचा किंवा सागाचा, वर निमुळता होत गेलेला असतो; त्याला एरंडेल चोळतात.

अर्थविस्तार : पुरलेला मल्लखांब हा मूळ प्रकार. टांगता मल्लखांब साखळीला लटकतो. दोरीच्या मल्लखांबात खांबच उरत नाही, तरी नाव टिकले. पूर्वी दोरीच्या जागी वेत असे. अढी, तेढी, दसरंग, सुईदोरा, वेल अशा उड्यापकडींच्या नावांपैकी ‘बगली’ फारसीतल्या बगलवरून, तर ‘सलामी’ अरबीतून आलेली आहे. या परिभाषेचा स्वतंत्र कोश व्हायला हवा.

इतिहास : चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांच्या व्यायामांत ‘स्तंभश्रम’ येतो. आजच्या रूपाचे श्रेय परंपरेने दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना दिले जाते. सप्तशृंगगडावर त्यांना मारुतीने दृष्टांत दिल्याची कथा प्रसिद्ध आहे.

संस्था : अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर (१९२५).



पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्क येथे झाली.