घाटाखालची वारी

आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात कोकणी माणूस कमी दिसतो, म्हणून ‘तिकडे भक्ती पातळ’ असे देशावरची मंडळी सहज बोलून जातात. माउलीहो, हा अन्याय आहे. आषाढात तिकडे भाताची लावणी असते. तरवा काढून चिखलात रोवायचे दिवस मोजकेच. ते हुकले की वर्षाची पेज गेली. भात घरात आले की मग कार्तिकीला, माघीला त्यांच्या दिंड्या घाट चढतात. सावता महाराजांना मळ्यातच विठ्ठल भेटला, हे आपण कीर्तनात रंगवून सांगतो. मग लावणीच्या चिखलात उभ्या असलेल्याला कोणत्या तोंडाने बोल लावायचा?

सिंधुदुर्ग जिल्ह्याचेच पाहा. १ मे १९८१ रोजी तो रत्नागिरीतून वेगळा निघाला आणि त्याला नाव मिळाले ते मालवणच्या किल्ल्याचे. १६६४ साली शिवरायांनी कुरटे बेटावर त्याचे काम सुरू केले. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी!

पण वारकऱ्याने त्या मुलखात आधी जावे ते बांद्याला. सोहिरोबानाथ आंबिये तिथे १७१४ साली जन्मले. कुलकर्णीपणाची चाकरी होती. सावंतवाडीला जाताना इन्सुलीच्या रानात ते फणस खायला बसले, तोच एक योगी पुढे येऊन उभा राहिला. त्याला गरे दिले. तो योगी म्हणजे गहिनीनाथ, आणि तिथेच अनुग्रह झाला, असे परंपरा सांगते. चाकरी सुटली, पदे सुरू झाली. आता हे गहिनीनाथ कोण? आपल्या निवृत्तिनाथांचे सद्गुरू. निवृत्तिनाथांकडून तेच देणे ज्ञानोबारायांना. मध्ये चार-पाचशे वर्षे जातात, पण नाथांच्या घरी तो हिशेब लागत नाही.

सुगी सरली की गावोगावच्या जत्रांत रात्रभर दशावतार चालतो. हाती लिहिलेले काही नसते. आख्यान ठरते आणि संवाद उभ्याउभ्या सुचतात. आम्हा कीर्तनकारांचे हे चुलतभाऊच.

आणि आंबोली. समुद्रावरून आलेले ढग तिथे सह्याद्रीला थडकून रिते होतात. तिथेच हिरण्यकेशी उगम पावते. समुद्र एवढा जवळ, तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. आणि पुढे रायचूरकडे पंढरीवरून आलेली भीमा त्याच कृष्णेत उतरते. आषाढात कोकणचा शेतकरी गुडघाभर चिखलात असतो, तेव्हा त्याच्या डोंगरावरचे पाणी चंद्रभागेच्या भेटीला निघालेले असते.