वाऱ्याचं वेळापत्रक

आम्हा नाशिककरांना पूर मोजायला आकडे लागत नाहीत. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय की छातीला, एवढं सांगितलं की पुरतं. मीही लहानपणापासून पूर असाच मोजत आलोय. हे पाणी आणणारा नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्रीला धडकतो आणि त्र्यंबकच्या डोंगरांवर रिकामा होतो. आपल्याकडे तो आला की पेरण्यांची घाई सुरू होते. पण इथे पोचण्याआधी त्याने समुद्रावर काय केलेलं असतं, हे मला जहाजबुडीच्या नोंदी वाचायला लागल्यावर कळलं.

शिडाचं जहाज वाऱ्यावर चालतं हे खरं, पण हव्या त्या दिशेला नाही. युरोपातली मोठी, चौकोनी शिडांची जहाजं वाऱ्याच्या तोंडावर जवळजवळ जाऊच शकत नसत. आता आपला किनारा डोळ्यांसमोर आणा. तो उत्तर-दक्षिण पसरलेला आणि पावसाळी वारा समुद्राकडून थेट त्याच्यावर येणारा. अशा वेळी जहाज किनाऱ्याच्या फार जवळ आलं की त्याला परत खोल पाण्यात जाता येत नाही. नांगर धरला तर ठीक, नाहीतर खडक. त्यात आभाळ भरलेलं. सूर्य दिसत नाही, म्हणजे आपण नेमके कुठे आहोत तेही मोजता येत नाही. वादळ नसलं तरी जहाज फुटायला एवढं पुरेसं होतं.

कोकणातल्या माणसांनी याच्याशी कधी झुंज घेतली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या आणि मचवे वर ओढायचे, झावळ्यांनी शाकारायचे, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच पुन्हा पाण्यात लोटायचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर वेगळं प्रकरण आहे. पाऊस लागण्याआधीच आरमार सुरक्षित बंदरात छावणीला आणावं, आणि दरवर्षी एकाच बंदरात नको, तिथल्या रयतेला त्रास होतो, असं त्यात बजावलं आहे. जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, हेही त्यातच. मला हा मजकूर फार आवडतो. लढाईची भाषा कमी आणि घर चालवणाऱ्या माणसाची काळजी जास्त.

एवढं करूनही जहाज फुटलंच, तर किनाऱ्याला लागलेला माल कोणाचा? हा प्रश्न थेट रायगडावर निघाला होता. जून १६७४, राज्याभिषेकाचे दिवस. हेन्री ऑक्झिंडन इंग्रजांचा वकील म्हणून गडावर आलेला. त्याच्या मागण्यांमध्ये एक अशी होती, की आमची फुटलेली जहाजं आणि त्यांवरचा माल आम्हाला परत मिळावा. त्यावर महाराजांच्या बाजूने आक्षेप आला की वाहून आलेलं परत देणं कोकणच्या रिवाजात बसत नाही, आणि आज तुम्हाला दिलं तर उद्या फ्रेंच, डच तेच मागतील. सुरतेहून आणि मुंबईहून व्यापार करणाऱ्या इंग्रजांना हे अर्थातच रुचणारं नव्हतं. पण आक्षेप नीट वाचला तर त्यात नुसती लालूच दिसत नाही. किनाऱ्यावर कायदा कोणाचा चालणार, हा त्यातला खरा मुद्दा आहे. आणि तो निघाला भर जूनमध्ये, ज्या महिन्यात जहाजं सर्वात जास्त धोक्यात असत!

मग युरोपातली जहाजं जूनमध्ये यायचीच कशाला? कारण त्यांचं गणित दुसरीकडे मांडलेलं असे. आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडहून मुंबईला यायला साधारण चार महिने. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेलं जहाज नेमकं पावसाच्या तोंडी इथे पोचणार. शिवाय इथवर ढकलून आणायला तोच नैर्ऋत्येचा वारा उपयोगी. ज्याने आणलं त्यानेच शेवटच्या काही मैलांत खडकावर घालायचं, असा हा सौदा.

जून १८४० मध्ये मुंबईच्या तोंडाशी नेमकं तेच घडलं. ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ आणि ‘लॉर्ड कॅसलरे’ ही दोन जहाजं कुलाब्याजवळच्या खडकांवर फुटली. बेंटिंकवर लष्करासाठी आणलेले नवे रंगरूट होते. समुद्रात चार महिने काढून, मुंबई हाकेच्या अंतरावर असताना, त्यांच्यातले कितीतरी जण बुडाले. कुलाब्याला तेव्हा दीपगृह होतं. पण खडकांची रांग पुढे पाण्यात पसरलेली, आणि तिच्या टोकावरचं प्राँग्ज दीपगृह उभं राहिलं ते १८७५ मध्ये. जहाजांची नावं दोन लॉर्डांची म्हणून नोंदीत ठळक राहिली. रंगरुटांचा उल्लेख मात्र नुसत्या संख्येने येतो. गावाकडून निघालेल्या त्या पोरांना ‘मान्सून’ हा शब्द तरी कोणी समजावून सांगितला होता का, असं मला सारखं वाटत राहतं.

शिडं गेली, इंजिनं आली, तरी आपला किनारा वाऱ्याचं वेळापत्रक पाळतो. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्यात माशांच्या विणीचा विचार आहे, तसा खवळलेल्या समुद्राचाही. पण सगळेच थांबत नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. तरीही ‘पी-३०५’ हा तराफा २६१ माणसांसह मुंबई हायच्या तेलक्षेत्रात समुद्रातच राहिला. नांगर सुटले आणि १७ मेच्या संध्याकाळी तो बुडाला. त्यातली सत्तरहून अधिक माणसं परत आली नाहीत.