उल्हासकाठचे रेयॉन आणि निलगिरीचे लाकूड

बाळकुमच्या खाडीकाठावरून उल्हास नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर गेले असता कल्याणपलीकडे शहाड व मोहने ही गावे लागतात. शहाडचा सेंच्युरी रेयॉन आणि मोहन्याचा नॅशनल रेयॉन या कारखान्यांनी लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोस धागा काढला. पैकी मोहन्याचा कारखाना २००९ साली बंद पडला. या धाग्यासाठी लागणारा लगदा कागदाच्या लगद्याहून शुद्ध असावा लागतो. त्यात अल्फा-सेल्युलोजचे प्रमाण शेकडा ९०हून अधिक हवे. त्यामुळे या उद्योगाचा विचार करताना नजर दूरच्या लागवडींकडे न्यावी लागते.

हिंदुस्थानात निलगिरी आली ती लगद्यासाठी नव्हे. नीलगिरी पर्वतात १८४३च्या सुमारास तिची लागवड सुरू झाली ती मुख्यतः जळणाच्या टंचाईमुळे, आणि मराठीने झाडाला पर्वताचेच नाव देऊन टाकले. पुढे नंदी टेकडीच्या परिसरातील ‘म्हैसूर गम’ देशभर पसरला. निवड झाली होती ती झपाट्याने वाढण्याच्या गुणावर. लाकडाच्या अंतर्रचनेची चौकशी कोणी केली नव्हती.

ही उणीव केरळात उघडी पडली. मावूर येथे १९६३ साली सुरू झालेला ग्वाल्हेर रेयॉनचा कारखाना प्रथम बांबूवर चाले. बांबू अपुरा पडू लागताच निलगिरीकडे वळणे आले. परंतु अतिवृष्टीच्या प्रदेशात गुलाबी बुरशीच्या रोगाने लागवडी पोखरल्या. एका हवामानात सिद्ध झालेले झाड दुसऱ्या हवामानात तसेच वागेल, हे गृहीतच चुकीचे होते.

लाकडाचा कस ठरतो कशाने? झाड फार वेगाने वाढले म्हणजे लाकूड पोकळ, ही समजूत निलगिरीपुरती तरी सरसकट खरी नाही. वाढीचा वेग व घनता यांचा संबंध क्षीण आढळतो. वयाचा परिणाम मात्र ठळक आहे. कोवळ्या खोडातील तंतू आखूड आणि पातळ भिंतींचे असतात. वयाबरोबर घनता वाढते, पण गाभ्यात साठणारे रंगद्रव्यादी निष्कर्षही वाढतात व लगदा शुभ्र करण्यास अधिक रसायने लागतात. घन लाकडाने पाचनपात्र अधिक लगदा देते. पाणी, जमीन व रोपांतील अंतर यांचा परिणाम बीजाच्या मूळ वाणाशी गुंतलेला असल्याने एका घटकाला श्रेय देणे धाडसाचे होय.

१९८०च्या दशकात विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी निलगिरी लावली. दाट लागवड, मुख्य हेतू वासे-बल्ल्यांचा; तेथे सरळ खोड हाच गुण. लगद्याच्या बाजारात हिशेब निराळा. ओल्या ओंडक्याच्या वजनात सुमारे निम्मे पाणीच असते, आणि वजनावर भाव ठरला की घन लाकूड पिकवणाऱ्यास त्याच्या सेल्युलोजचा वेगळा मोबदला मिळत नाही.